जर्मन शरद-बिअरसाठी धान्य व हॉप्स यांची निवड : मावळ–लोणावळा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

‘मेर्त्सेन’ ही दक्षिण जर्मनीतील शरद ऋतूत प्राशन केली जाणारी बिअर होय. ती वसंतारंभी तयार होते व उन्हाळाभर थंड तळघरात मुरते. प्रस्तुत लेखात या बिअरसाठी कोणते धान्य व कोणते हॉप्स निवडले जातात आणि त्या निवडीमागील रासायनिक व जैविक कारणे कोणती, याचे विवेचन केले आहे. ही निवड मावळ व लोणावळा येथील पाणी, तांदूळ, हवामान व कायदा यांच्या कसोटीवर तपासली आहे. घटकाची निवड त्याच्या नावावरून न करता त्याच्या कार्यावरून करावी, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मद्यनिर्मिती न करता हा विषय कसा शिकवता येईल, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजशब्द : मेर्त्सेन, म्युनिक माल्ट, हॉप्स, इंद्रायणी तांदूळ, मॅशिंग, मावळ.

१. प्रस्तावना

पदवी स्तरावरील औद्योगिक सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापनात बिअरनिर्मिती हा नेहमीचा घटक आहे. बार्ली, हॉप्स, पाणी व यीस्ट ही चार नावे विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. बार्लीच का, तांदूळ का नाही, हॉप्स नसते तर काय बिघडले असते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. मावळासारख्या भातपिकाच्या प्रदेशातील विद्यार्थ्याला तर ते अगदी स्वाभाविकपणे सुचावयास हवेत.

पुणे जिल्ह्यात या विषयाला व्यावहारिक अंगही आहे. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ या नावाने मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि तिच्या उभारणीत ऑलिव्हर शाउफ या जर्मन मद्यतज्ज्ञाचा सहभाग होता. त्यानंतरच्या काळात शहरात अशा अनेक परवानाधारक मायक्रोब्रुअरी उभ्या राहिल्या. सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र व अन्नतंत्रज्ञान या शाखांच्या पदवीधरांना तेथे कामाची संधी असते. अशा विद्यार्थ्याला कृती पाठ असण्यापेक्षा त्या कृतीमागील कारणे ठाऊक असणे अधिक उपयोगाचे. शरद-बिअर हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण तिच्यात उग्र मसाला वा फळांचा गंध नसतो. धान्याच्या निवडीतील चूक तिच्यात लपत नाही.

२. कायदेशीर चौकट

घरगुती बिअरनिर्मितीला अनेक देशांत मुभा आहे. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने स्वतःच्या उपभोगासाठी मर्यादित प्रमाणात बिअर तयार करणे करमुक्त झाले. जर्मनीतही घरगुती उपभोगासाठी ठरावीक प्रमाणापर्यंत करमाफी आहे. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा छंद तेथील नियमांच्या अधीन राहून जोपासता येतो.

महाराष्ट्रातील स्थिती वेगळी आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ या नावाने संमत झालेला व आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जाणारा कायदा परवान्याविना मद्यनिर्मितीस मनाई करतो. मद्यनिर्मितीच्या हेतूने साहित्य वा उपकरणे बाळगणे हाही त्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे लोणावळ्यातील बंगल्यात वा वडगावच्या घरात बिअर तयार करणे बेकायदेशीर ठरते, मग ती विक्रीसाठी असो वा नसो. तसेच पदवी वर्गातील बहुतांश विद्यार्थी मद्यसेवनाच्या कायदेशीर वयाखालील असतात. म्हणून पुढील परिमाणे परवानाधारक निर्मिती व सैद्धांतिक अभ्यास यांपुरती समजावीत.

३. शैलीची घडण

बव्हेरियात १५१६ मध्ये इंगोलश्टाट येथे निघालेल्या प्रसिद्ध आदेशाने बिअरसाठी बार्ली, हॉप्स व पाणी एवढेच घटक मान्य केले. यीस्टचे स्वरूप तेव्हा अज्ञात असल्याने त्याचा उल्लेख त्यात नव्हता. पुढे १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या उन्हाळी काळात बिअर तयार करण्यावर बंदी आली. उष्ण दिवसांत बिअर नासते, हा अनुभव त्यामागे होता. परिणामी मार्चमध्ये थोडी अधिक कसदार बिअर करून ती थंड तळघरात साठवण्याची व उन्हाळाअखेर संपवण्याची रीत पडली. ‘मेर्त्सेन’ या नावाचा उगम मार्च महिन्याच्या जर्मन नावात आहे.

आज परिचित असलेली तांबूस बिअर एकोणिसाव्या शतकातील आहे. १८४१ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन मद्यशाळेचे गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळील श्वेखाटचे अँटोन ड्रेहर यांनी नव्या पद्धतीने वाळवलेल्या माल्टपासून अनुक्रमे मेर्त्सेन व व्हिएन्ना लागर बाजारात आणल्या. म्युनिकचा ऑक्टोबर महोत्सव १८१० पासूनचा असला, तरी तांबूस मेर्त्सेनचे त्याच्याशी नाते १८७२ च्या सुमारास जुळले. सध्या त्या महोत्सवात मुख्यतः फिकट सोनेरी बिअर दिली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याआधीची तांबूस बिअर हा आहे.

या इतिहासाचा बोध असा की, ही शैली एका हवामानाला दिलेले उत्तर आहे. मावळात मार्चनंतर प्रखर उन्हाळा, मग चार महिने मुसळधार पाऊस आणि शरदात पुन्हा ऊन असा क्रम असतो. तेथे ही शैली उभी करावयाची तर हवामानाने दिलेली प्रत्येक सोय अन्य मार्गाने मिळवावी लागेल.

४. धान्याची निवड

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य. मराठी घरांना ही प्रक्रिया अपरिचित नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत सुकवून केलेले सत्त्व बाळाला देतात, ते तत्त्वतः माल्टच होय. मोड येताना धान्यात अमायलेज वर्गातील विकरे सक्रिय होतात. पुढे कोमट पाण्यात ती पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. या पायरीला मॅशिंग व त्यातून गाळून मिळणाऱ्या गोड अर्काला वर्ट म्हणतात.

बार्लीला, म्हणजे आपल्याकडील जवाला, अग्रस्थान मिळण्याची कारणे तीन आहेत. तिच्या माल्टमध्ये अल्फा व बीटा ही दोन्ही अमायलेजे भरपूर असतात. तिचे पिष्ट विकरांना सोसवेल अशा तापमानालाच फुलते. शिवाय तिचे टरफल दाण्याला चिकटून राहते व गाळताना नैसर्गिक चाळणीचे काम करते. भारतात बार्ली प्रामुख्याने राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा व पंजाब येथे रब्बी हंगामात पिकते. कर्नाल येथील गहू व बार्ली संशोधन संस्थेने माल्टसाठी दोन ओळींच्या कणसाचे वाणही विकसित केले आहेत. मावळात मात्र हे पीक नाही. म्हणून मुख्य धान्य बाहेरूनच आणावे लागते.

शरद-बिअरसाठी बार्लीचे तीन प्रकारचे माल्ट विचारात घ्यावे लागतात. मोड आलेला दाणा शेवटी किती तापमानाला वाळवला, यावर त्यांतील मुख्य भेद अवलंबून आहे.

(अ) पिल्सनर माल्ट : सुमारे ८० ते ८५ अंश सेल्सिअसला वाळवलेले, फिकट व विकरांनी समृद्ध. शर्करेचा भरवसा हे त्याचे कार्य.

(आ) व्हिएन्ना माल्ट : सुमारे ९० अंशांना वाळवलेले. हलकी भाजल्याची चव व सोनेरी छटा देते.

(इ) म्युनिक माल्ट : सुमारे १०० ते १०५ अंशांना वाळवलेले. पावाच्या खरपूस कडेसारखा स्वाद व तांबूस रंग हे त्याचे योगदान.

म्युनिक माल्टचा स्वाद अमिनो आम्ले व शर्करा यांच्यातील मेलार्ड अभिक्रियेतून येतो. भाकरी तव्यावर व निखाऱ्यावर भाजताना जे घडते, तेच येथे मंद गतीने घडते. उष्णतेने विकरांचा काही अंश नष्ट होतो, तथापि स्वतःच्या पिष्टाचे रूपांतर करण्याइतकी विकरे म्युनिक माल्टमध्ये शिल्लक राहतात. म्हणूनच ते मिश्रणात निम्म्याहून अधिकही वापरता येते.

वीस लिटर बिअरसाठी एक समतोल मिश्रण असे : म्युनिक २.५ किलो, व्हिएन्ना १.४ किलो आणि पिल्सनर १ किलो, एकूण ४.९ किलो. माल्टच्या वजनाच्या सुमारे ६० टक्के अर्क प्रत्यक्ष हाती येतो असे धरल्यास २.९ किलो विद्राव्य अर्क मिळतो व वर्टची सापेक्ष घनता १.०५६ च्या जवळ येते. किण्वनानंतर ती १.०१२ पर्यंत उतरल्यास मद्यार्काचे प्रमाण सुमारे ५.८ टक्के होते. या शैलीसाठी आरंभीची घनता १.०५४ ते १.०६० अशी मानली जाते. हे मिश्रण त्या मर्यादेत बसते.

तांबूस रंगासाठी कॅरॅमल माल्ट घालण्याचा मोह अनेकदा होतो. तो टाळणे श्रेयस्कर. कॅरॅमल माल्टमधील काही शर्करा यीस्टला पचत नाहीत. त्या बिअरमध्ये राहून चिकट गोडवा आणतात. मेर्त्सेनचा आरंभ माल्टच्या भरदार स्वादाने होतो, पण तिचा शेवट कोरडा असावा लागतो. दुसऱ्या घोटाची इच्छा त्या कोरडेपणातून निर्माण होते. याच कारणास्तव मॅशिंगचे तापमान ६६ अंशांच्या आसपास ठेवतात. तेथे बीटा अमायलेज काही काळ टिकते व किण्वनक्षम माल्टोज पुरेसे तयार होते.

५. मावळचा तांदूळ : पर्याय की पूरक?

मावळ म्हटले की भात आठवतो. वडगाव मावळ येथे भात संशोधन केंद्र आहे. आंबेमोहोर १५७ व आय.आर. ८ यांच्या संकरातून आलेल्या इंद्रायणी वाणाने या तालुक्याची ओळख घडवली. स्थानिक शेतमालाला मूल्य मिळावे या रास्त भूमिकेतून म्युनिक माल्टचा काही भाग इंद्रायणीच्या कणीने बदलण्याची कल्पना सुचू शकते. तिचा विचार कार्याच्या कसोटीवर व्हावा.

एक किलो म्युनिक माल्टऐवजी एक किलो कणी घेतली, तर शर्करेत घट होणार नाही. तांदळात पिष्ट विपुल असते. मात्र त्याचे पिष्ट फुलण्यास अधिक तापमान लागत असल्याने कणी आधी शिजवून घ्यावी लागेल. तांदळात विकरे नसल्यामुळे सर्व भार उरलेल्या माल्टवर पडेल. यीस्टच्या वाढीस आवश्यक असणारी अमिनो आम्ले कमी होतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खरपूस स्वाद व रंग दोन्ही उणावतील. तयार होणारी बिअर हलकी व स्वच्छ असेल, कदाचित मावळच्या हवेला अधिक मानवणारीही असेल, परंतु ती मेर्त्सेन नसेल. तिला स्वतःचे नाव द्यावे, हे प्रामाणिकपणाचे ठरेल.

येथे एक रासायनिक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. आंबेमोहोरासारख्या सुवासिक तांदळाचा गंध मुख्यतः २-असिटिल-१-पायरोलीन या संयुगामुळे असतो आणि ताज्या पावाच्या कडेचा गंधही बव्हंशी याच संयुगाचा असतो. म्हणून सुवासिक तांदूळ म्युनिक माल्टची उणीव भरून काढील असे प्रथमदर्शनी वाटते. पण हे संयुग बाष्पनशील आहे. तासभराच्या उकळीत त्याचा मोठा अंश वाफेबरोबर निघून जातो. म्युनिक माल्टच्या स्वादात मात्र मेलॅनॉइडिनांसारखी अबाष्पनशील द्रव्येही असतात व ती उकळीनंतर टिकतात. गंध सारखा असला तरी कार्य सारखे नसते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

भातपिकाचा एक भाग मात्र निःसंकोच उपयोगी आहे. भाताचे तूस स्वच्छ धुऊन वापरल्यास चिकट मॅश गाळण्यास मदत होते. त्याला चव नाही, विद्राव्य शर्करा नाही. टरफलविरहित धान्य वापरताना बार्लीच्या टरफलाचे काम ते करते. मावळातील भातगिरणीतून बाहेर पडणारा हा पदार्थ या दृष्टीने मौल्यवान आहे.

६. हॉप्सची निवड

हॉप ही वेल असून तिच्या मादी फुलोऱ्यातील ल्युप्युलिन ग्रंथींत अल्फा आम्ले व सुगंधी तेले असतात. उकळताना अल्फा आम्लांचे आयसो-अल्फा आम्लांत रूपांतर होते व कडवटपणा येतो. ही द्रव्ये लॅक्टोबॅसिलससारख्या अनेक ग्रॅम-धन जीवाणूंना रोखतात. सारांश, हॉप्सचे काम गोडव्याला तोल देणे व बिअर टिकवणे असे दुहेरी आहे.

हॉप वेलीला फुलण्यासाठी दीर्घ दिवस आणि विश्रांतीसाठी थंड हिवाळा लागतो. बव्हेरियातील हालरटाउ भागात जूनमधील दिवस सोळा तासांहून मोठा असतो. लोणावळ्यात सर्वांत मोठा दिवसही सुमारे सव्वातेरा तासांचाच भरतो. मावळात हॉप्सची समाधानकारक लागवड अवघड असण्याचे मूळ कारण हे आहे. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात या पिकाची लागवड झालेली आहे.

शरद-बिअरसाठी हालरटाउ मिटेलफ्र्यू, टेटनांग व श्पाल्ट हे पारंपरिक वाण होत. त्यांत अल्फा आम्ले साधारणतः ३ ते ६ टक्के असून गंध सौम्य, फुलांसारखा व किंचित मसालेदार असतो. लिंबूवर्गीय वा उष्णकटिबंधीय फळांच्या गंधाचे अमेरिकी वाण येथे टाळावेत, कारण ते माल्टचा स्वाद झाकतात.

कडवटपणाचे गणित सोपे आहे. अपेक्षित कडवटपणा २२ एकक, म्हणजे ढोबळमानाने लिटरला २२ मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ले. वीस लिटरला ४४० मिलिग्रॅम लागतील. साठ मिनिटांच्या उकळीत सुमारे २२ टक्के अल्फा आम्ले उपयोगात येतात असे धरल्यास २ ग्रॅम अल्फा आम्ले हवीत. ४ टक्क्यांच्या मिटेलफ्र्यूचे त्यासाठी ५० ग्रॅम लागतील, तर १२.५ टक्क्यांच्या माग्नुम वाणाचे १६ ग्रॅम पुरतील. कडवटपणासाठी माग्नुम आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत गंधासाठी थोडे मिटेलफ्र्यू ही विभागणी काटकसरीची ठरते. त्या वेळी उशिरा घातलेल्या हॉप्सचा कडवटपणाही हिशेबात धरावा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर असल्याने पाणी तेथे ९८ अंशांच्या आसपास उकळते व हे रूपांतर किंचित मंदावते, ही बाबही ध्यानात ठेवावी.

७. साठवण, पाणी आणि गारवा

कोरड्या माल्टमध्ये ओलावा ४ ते ५ टक्के असतो. लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर वा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. त्या दमट हवेत उघडे पोते काही दिवसांतच सादळते आणि त्यास बुरशीचा धोका संभवतो. माल्ट हवाबंद ठेवावे व ऐनवेळीच भरडावे. हॉप्स निर्वात वेष्टनात, शीतपेटीत ठेवावेत, कारण उष्णता व प्राणवायू यांमुळे अल्फा आम्ले घटतात.

पाणी हे या परिसराचे बलस्थान आहे. वळवण, शिरोटा आदी जलाशय बेसाल्टच्या भूमीवर पावसाचे पाणी साठवतात. असे पाणी सामान्यतः मृदू असते. कूपनलिकेचे पाणी कठीण असू शकते, म्हणून रासायनिक तपासणी अनिवार्य आहे. म्युनिकचे पाणी कार्बोनेटयुक्त असून गडद माल्टच्या आम्लतेशी त्याचा मेळ बसतो. मृदू पाण्यात थोडे कॅल्शियम घालावे लागते. वीस लिटरला ४ ग्रॅम द्विजलीय कॅल्शियम क्लोराइड घातल्यास लिटरमागे सुमारे ५४ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. मॅशचा सामू ५.२ ते ५.५ दरम्यान असल्याची खात्री करावी.

उणीव आहे ती गारव्याची. लागर यीस्ट हे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी व थंडी सोसणारे सॅकॅरोमायसिस युबायानस यांचे संकरित रूप होय. यांपैकी दुसऱ्याचा शोध २०११ मध्ये पॅटागोनियात जाहीर झाला. हे यीस्ट ९ ते १२ अंशांना स्वच्छ काम करते आणि त्यानंतर बिअर शून्याच्या जवळपास सहा ते आठ आठवडे मुरावी लागते. लोणावळ्याची हिवाळी पहाट या तापमानाच्या जवळ जाते, पण दुपारी पारा पुन्हा चढतो. एवढ्या चढउतारात यीस्ट फळांचा गंध देणारी एस्टरे निर्माण करते आणि काळजीपूर्वक निवडलेल्या धान्याचा स्वाद झाकोळतो. त्यामुळे येथे यांत्रिक शीतकरणाला पर्याय नाही. म्युनिकमध्येही कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्राने १८७० च्या दशकात तळघरांतील बर्फाची जागा घेण्यास आरंभ केला होता, हे विसरता कामा नये.

८. अध्यापनासाठी प्रयोग

वर्टपर्यंतच्या पायऱ्यांत मद्यार्क निर्माण होत नाही. विभागप्रमुखांच्या संमतीने व देखरेखीखाली पुढील प्रयोग एका तासिकेच्या जोडसत्रात करता येईल.

चार चंचुपात्रे घ्यावीत. पहिल्यात ५० ग्रॅम पिल्सनर माल्ट, दुसऱ्यात ५० ग्रॅम म्युनिक माल्ट, तिसऱ्यात ४० ग्रॅम पिल्सनर माल्ट व १० ग्रॅम तांदळाची शिजवलेली कणी, चौथ्यात ५० ग्रॅम नाचणी माल्ट घ्यावे. प्रत्येकात २०० मिलिलिटर पाणी घालून ६६ अंशांच्या जलतापकात तासभर ठेवावे. दर पंधरा मिनिटांनी आयोडीन चाचणी करावी. शेवटी गाळून अर्काचे ब्रिक्स, रंग व गंध नोंदवावेत. म्युनिक माल्टमधील रूपांतर पिल्सनरपेक्षा सावकाश होते. नाचणीच्या माल्टमध्ये बीटा अमायलेज बार्लीहून कमी असल्याने तेथे निळा रंग अधिक काळ टिकण्याची शक्यता असते. तिसऱ्या पात्रात शर्करा भरपूर, पण खरपूसपणा अत्यल्प आढळेल. पाचव्या विभागातील युक्तिवाद विद्यार्थ्याला अशा रीतीने डोळ्यांनी व नाकाने पडताळता येतो.

एक दक्षता मात्र आवश्यक आहे. उघड्यावर ठेवलेला वर्ट हवेतील यीस्टमुळे आपोआप आंबू लागतो. म्हणून प्रयोग संपताच अर्क उकळून त्याच दिवशी त्याची विल्हेवाट लावावी व तशी नोंद प्रयोगवहीत ठेवावी.

९. निष्कर्ष

शरद-बिअरच्या निवडीत धान्याला प्रथम स्थान आहे व त्यातही म्युनिक माल्ट हा तिचा कणा आहे. हॉप्सची भूमिका तोल व टिकाऊपणा यांपुरती संयत असावी. मावळ या बिअरला मृदू पाणी व भाताचे तूस देऊ शकतो. बार्ली, हॉप्स व गारवा त्याला बाहेरून आणावे लागतात. इंद्रायणी तांदूळ या बिअरमध्ये म्युनिक माल्टची जागा घेऊ शकत नाही, परंतु परवानाधारक निर्मात्याने त्याच्यापासून वेगळी, स्वतःच्या नावाची बिअर घडवण्यास कोणतीही शास्त्रीय आडकाठी नाही.

स्थानिक पर्याय शोधताना मूळ घटक कोणते काम करीत होता, हा प्रश्न आधी विचारावा. हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर मावळातील विद्यार्थी आपल्या भाताकडे आणि परकीय पाठ्यपुस्तकातील बार्लीकडे सारख्याच चिकित्सक दृष्टीने पाहू लागेल.